न्यायाधीशाविना न्याय : मॉर्डेकाय कापलान यांच्या यहुदी पुनर्रचनावादाची समीक्षा

धर्म म्हणजे ईश्वरावरील श्रद्धा, असे गृहीत धरून चालणारा अभ्यासक बौद्ध धम्मापाशी येऊन अडखळतो, हे आपल्या परिचयाचे आहे. तोच अभ्यासक आणखी एका समाजापाशी अडखळतो. तो समाज म्हणजे यहुदी समाज. जगातील एकेश्वरवादाचा उगम ज्या परंपरेत शोधला जातो, त्याच परंपरेत ईश्वर न मानणारे, किंवा त्याविषयी काहीच सांगता येत नाही असे म्हणणारे लोक मोठ्या संख्येने आहेत, आणि ते स्वतःला निःसंकोचपणे यहुदी म्हणवतात. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेथील २२ टक्के यहुद्यांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगितले. २०२० सालच्या पाहणीत हे प्रमाण २७ टक्के झाले. ईश्वर न मानताही माणूस यहुदी राहू शकतो, असे २०१३ च्या पाहणीत ६८ टक्क्यांचे मत होते.

या वस्तुस्थितीचा सर्वांत पद्धतशीर विचार ज्या ग्रंथात झाला, तो मॉर्डेकाय कापलान (१८८१–१९८३) यांचा ‘ज्युडाइझम ॲज अ सिव्हिलायझेशन’ हा १९३४ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झालेला ग्रंथ होय. ईश्वरावरील पारंपरिक श्रद्धा ढळल्यानंतर समाज कशावर उभा राहतो, हा या ग्रंथाचा प्रश्न आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात जे उत्तर दिले, त्याच्या प्रकाशात कापलान यांचे उत्तर तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही तपासणी केवळ परक्याची नाही. तिच्यातून आपल्या समाजापुढेही एक प्रश्न उभा राहतो.

श्रद्धेपूर्वी आचार

यहुदी परंपरेने माणसाला ‘तू काय मानतोस’ यापेक्षा ‘तू काय करतोस’ हा प्रश्न अधिक विचारला. तालमूद हा महाग्रंथ प्रामुख्याने आचाराची, कायद्याची आणि त्यांवरील वादांची नोंद आहे. श्रद्धेची तेरा तत्त्वे मायमोनिडीस या तत्त्वज्ञाने बाराव्या शतकात मांडली. म्हणजे तोपर्यंत ही परंपरा अशा सर्वमान्य तत्त्वयादीवाचून शतकानुशतके चालली होती. आणि पुढेही त्या तत्त्वांविषयी मतभेद होत राहिले. १७८३ साली मोझेस मेंडेल्सोन यांनी ‘जेरुसलेम’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की सिनाय पर्वतावर जे प्रकट झाले तो कायदा होता, श्रद्धेचे सिद्धांत नव्हेत. सिद्धांत बुद्धीने जाणावयाचे असतात.

याचा अर्थ अश्रद्ध माणसाची कोंडी कधी झालीच नाही, असा नव्हे. तालमुदात एलिशा बेन अबुया या विद्वानाची कथा आहे. आईवडिलांचा मान राखणे आणि घरट्यातील पिले घेताना पक्षिणीला सोडून देणे, या दोन्ही आज्ञांचे फळ दीर्घायुष्य सांगितले आहे. वडिलांच्या सांगण्यावरून उंचावर चढून पक्षिणीला सोडून देणारा एक मुलगा खाली पडून मेला, आणि हे पाहून एलिशाची श्रद्धा ढळली, असे एक कारण तेथे दिले आहे. त्यानंतर परंपरेने त्याचे नावसुद्धा टाळले. त्याला ‘दुसरा’ असे म्हटले. परंतु रब्बी मेइर हा त्याचा शिष्य त्याच्याजवळ शिकतच राहिला, आणि तालमुदाने ही गोष्टही लपविली नाही. बारूच स्पिनोझाच्या वाट्याला मात्र असा शिष्यही आला नाही. २७ जुलै १६५६ रोजी ॲम्स्टरडॅमच्या यहुदी समाजाने या तेवीस वर्षांच्या तरुणाला बहिष्कृत केले. त्याने नंतर बाप्तिस्मा घेतला नाही. समाजाविना जगणारा अश्रद्ध यहुदी कसा असतो, याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण.

एलिशाच्या कथेत एक सूत्र दडलेले आहे. रब्बींच्या दृष्टीने पाखंडी तो, जो न्यायाधीश आणि न्याय या दोहोंनाही नाकारतो. या दोन नकारांची त्यांनी एकत्र गाठ मारली. जगाला न्यायाधीश नसेल, तर जगात न्यायही नसणार, ही त्यामागची भीती आहे. कापलान यांची सगळी धडपड ही गाठ सोडविण्याची आहे, असे मला वाटते.

कोलंबियातील पार्श्वभूमी

या धडपडीची पार्श्वभूमी बाबासाहेबांच्या अभ्यासकाला जवळची वाटेल. कापलान लिथुआनियात जन्मले, बालपणीच न्यूयॉर्कला आले, रब्बी झाले, आणि त्यांनी कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतले. तेथे फेलिक्स ॲडलर नीतिशास्त्र शिकवीत असत. ॲडलर हे रब्बीचे पुत्र. वडिलांच्याच सिनेगॉगमध्ये त्यांनी १८७३ साली ईश्वराचा उल्लेख नसलेले प्रवचन दिले, आणि १८७६ साली ‘एथिकल कल्चर’ ही संस्था स्थापून यहुदी चौकटीबाहेर पाऊल टाकले. त्या संस्थेचे पहिले अध्यक्ष जोसेफ सेलिग्मन यांचे पुत्र म्हणजे प्रा. एडविन सेलिग्मन, बाबासाहेबांचे कोलंबियातील गुरू. प्रा. जॉन ड्यूई यांचा प्रभाव तर कापलान आणि बाबासाहेब या दोघांच्याही लेखनात स्पष्ट दिसतो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात तेथे शिकत होते. कापलान यांची आणि त्यांची भेट झाली असे सुचविण्याचा हेतू नाही. धर्माचा विचार समाजशास्त्राच्या आणि अनुभवाच्या भाषेत करण्याची जी वैचारिक हवा तेथे होती, ती दोघांनाही मिळाली, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.

ॲडलर यांनी नीती राखली आणि यहुदी समाज सोडला. कापलान यांना हा मार्ग अपुरा वाटला. नीती ही केवळ व्याख्यानातून टिकत नाही. तिला घर, सण, भाषा, स्मृती आणि सोबत लागते, हे त्यांनी ओळखले.

कापलान यांचे प्रतिपादन

यहुदी धर्म हा केवळ एक पंथ नाही. भूमी, इतिहास, भाषा, साहित्य, रूढी, कायदा, कला आणि श्रद्धा या सर्वांनी बनलेली ती एक विकसनशील संस्कृती आहे, हा कापलान यांचा मध्यवर्ती सिद्धांत. धर्म तिचा गाभा असला, तरी ती धर्माएवढीच नाही. म्हणून ज्याची श्रद्धा ढळली, त्याचे समाजाशी असलेले नाते तुटण्याचे कारण नाही. परंपरेतील आज्ञा ईश्वराने दिल्या म्हणून पाळावयाच्या नसून, त्या लोकजीवनातून निर्माण झालेले आचार म्हणून त्यांच्याकडे पाहावयाचे आहे. जो आचार जीवन समृद्ध करतो तो ठेवावा, अपुरा वाटतो त्याला नवा अर्थ द्यावा, अन्याय्य असेल तो टाकावा.

ईश्वराविषयी कापलान म्हणतात, की तो विश्वाबाहेर बसलेला, प्रार्थना ऐकणारा आणि चमत्कार करणारा पुरुष नव्हे. मनुष्याला आत्मविकासाकडे नेणारी जी शक्ती विश्वात आणि समाजात आहे, तिलाच हे नाव द्यावे.

हे केवळ पुस्तकी पांडित्य नव्हते. १९२२ साली त्यांनी आपली कन्या ज्युडिथ हिला सिनेगॉगमध्ये समाजासमोर तोरा वाचावयास उभे केले. अमेरिकेत मुलीचा असा विधी प्रथमच झाला, असे मानले जाते. यहुदी हे ईश्वराचे निवडलेले लोक होत, ही कल्पना त्यांनी प्रार्थनांतून काढून टाकली. स्वतःच्या समाजाला श्रेष्ठत्व देणारी गोष्ट स्वतःच्या हाताने पुसणे सोपे नसते, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. १९४५ साली त्यांचे सुधारित प्रार्थनापुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा सनातनी रब्बींच्या संघटनेने न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात सभा भरवून त्यांना बहिष्कृत केले. त्या सभेत ते पुस्तक जाळले गेले. युरोपात पुस्तकांपाठोपाठ माणसे जाळली गेल्याला तेव्हा फारसे दिवसही लोटले नव्हते.

शब्द ठेवावा की टाकावा?

कापलान यांच्या धैर्याविषयी आदर बाळगूनही त्यांच्या मांडणीतील दोन उणिवा दाखविणे आवश्यक आहे. पहिली उणीव ‘ईश्वर’ या शब्दाची. त्यांनी शब्दाचा अर्थ बदलला, पण शब्द ठेवला, आणि त्या शब्दाला उद्देशून केलेली प्रार्थनाही ठेवली. त्याच वर्षी, १९३४ साली, प्रसिद्ध झालेल्या ‘अ कॉमन फेथ’ या ग्रंथात ड्यूई यांनीही हा शब्द नव्या अर्थाने वापरण्यास मुभा दिली. परंतु वर्गातील व्याख्या आणि प्रार्थनेतील हाक यांत फरक असतो. सिनेगॉगमधील वृद्ध स्त्री जेव्हा ‘हे प्रभो’ म्हणते, तेव्हा तिच्या मनात ‘आत्मविकासाकडे नेणारी शक्ती’ नसते. एकाच वाक्याचे विद्वानाला एक आणि उपासकाला दुसरे असे दोन अर्थ राहिले, म्हणजे समाजाची दोन गटांत विभागणी झालीच.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. जुने शब्द नव्या अर्थाने तथागतांनीही वापरले नाहीत काय? ‘ब्राह्मण’ हा शब्द त्यांनी घेतला, कूटदन्त सुत्तात ‘यज्ञ’ हा शब्द घेतला. आक्षेप खरा आहे, पण त्याने कापलान यांची बाजू सिद्ध होत नाही. तथागतांनी ‘ब्राह्मण’ शब्दाचा नवा अर्थ प्रतिपक्षाच्या समोर, युक्तिवाद करून सांगितला, आणि त्या अर्थाने जन्माचा अधिकार नष्ट झाला. ‘यज्ञा’चा अर्थ बदलला तेव्हा पशू सुटले. अर्थ बदलल्याबरोबर आचार बदलला. शिवाय ईश्वराला नवा अर्थ देऊन त्याची प्रार्थना करा, असे त्यांनी कोठेही सांगितले नाही. बाबासाहेबांनी हीच रेषा अधिक ठळक केली. ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा भाग नव्हे, असे स्वतंत्र प्रकरणच त्यांनी लिहिले, आणि त्यात तेविज्ज सुत्तातील वासेट्ठ–भारद्वाज संवादाचा आधार घेतला.

कापलान यांच्या पुढे एक पाऊल टाकणारे रब्बी शेर्विन वाइन (१९२८–२००७) येथे आठवतात. त्यांनी १९६३ साली डेट्रॉइटजवळ स्थापलेल्या मंडळीने प्रार्थनांतून ईश्वराचे नाव पूर्णपणे वगळले, आणि तोराची गुंडाळी पवित्र कपाटातून ग्रंथालयात नेली. तिचा मान इतिहासाचा, आज्ञेचा नव्हे, असा त्यामागील विचार. आपल्या भूमिकेला त्यांनी ‘इग्नॉस्टिसिझम’ असे नाव दिले. ‘ईश्वर’ या शब्दाचा निश्चित अर्थ सांगितल्याशिवाय तो आहे की नाही हा प्रश्नच निरर्थक ठरतो, असा तिचा आशय आहे.

पालि साहित्याच्या अभ्यासकाला यात ओळखीचा सूर ऐकू येईल. तेविज्ज सुत्तात जनपदकल्याणीचा दृष्टांत आहे. एक माणूस देशातील सर्वांत सुंदर स्त्रीवर आपले प्रेम असल्याचे सांगतो. परंतु तिचे नाव, कुळ, वर्ण, गाव यांपैकी काहीच त्याला सांगता येत नाही. ब्रह्म्याशी सायुज्याचा मार्ग सांगणाऱ्यांची अवस्था तशीच आहे. हा अज्ञेयवाद नव्हे. कोणत्याही प्रश्नावर ‘असे नाही, तसेही नाही’ म्हणत निसटणाऱ्या संजय बेलट्ठिपुत्ताची भूमिका अज्ञेयवादाच्या जवळची आहे. ब्रह्मजाल सुत्तात अशा मताला ‘अमराविक्खेप’ म्हणजे निसटत्या माशासारखी वळवळ म्हटले आहे. तथागतांनी काही प्रश्न ‘अव्याकत’ ठेवले ते उत्तर टाळण्यासाठी नव्हे. चूळमालुंक्य सुत्तातील बाण लागलेल्या माणसाप्रमाणे, दुःखमुक्तीशी त्यांचा संबंध नाही म्हणून ते बाजूला ठेवले.

वाइन यांच्या प्रामाणिकपणाची कसोटी अन्यत्र लागली. सिनसिनाटी येथील बेथ ॲडम या मंडळीच्या प्रार्थनांत ईश्वराला स्थान नव्हते. १९९४ साली अमेरिकेतील सुधारक यहुदी मंडळ्यांच्या संघाने तिला सदस्यत्व नाकारले. म्हणजे व्यक्तीने ईश्वर न मानणे चालते. मंडळीने ते उघडपणे उच्चारणे चालत नाही. खाजगी अश्रद्धा आणि सार्वजनिक शब्द यांतील हीच फारकत कापलान यांनी मिटविली नाही.

जन्माची भिंत

दुसरी उणीव अधिक खोल आहे. श्रद्धा हा समाजाचा पाया नाही, असे म्हटल्यावर पाया कोणता? कापलान ‘संस्कृती’ हे उत्तर देतात. पण त्या संस्कृतीचा सदस्य कोण, याचे प्रत्यक्षातील उत्तर बव्हंशी जन्म हेच राहते. परंपरागत कायद्याने यहुदी आईच्या पोटी जन्मलेला तो यहुदी. रीतसर धर्मांतर करून यहुदी होता येते, हे खरे. परंतु ते दार अरुंद आहे.

येथे टीकाकाराने सावध असले पाहिजे. ही जन्माची ओळख यहुद्यांनी केवळ स्वतः जपलेली नाही. ती त्यांच्यावर लादलीही गेली आहे. १९३५ च्या न्युरेम्बर्ग कायद्यांनी कोणालाही ‘तू काय मानतोस’ असे विचारले नाही. आजोबा-आजी कोण होते, हे विचारले. एडिथ स्टाइन ही कॅथलिक जोगीण झालेली विदुषी १९४२ साली आउश्वित्झ येथे मारली गेली. साठ लाखांच्या त्या संहारात आस्तिक, नास्तिक आणि धर्मांतरित असा भेद नव्हता. त्यानंतर ‘आपण टिकलेच पाहिजे’ ही भावना अश्रद्धाच्याही मनात का रुजली, हे समजण्यास आपल्याला कष्ट पडू नयेत. गावाच्या वेशीवर आपल्यालाही कोणी श्रद्धा विचारली नव्हती, आणि दीक्षेनंतरही विचारली जात नाही. जात विचारली जाते.

परंतु छळणाऱ्याची कसोटी तीच छळ सोसणाऱ्याने आपली कसोटी मानावी काय? १९६२ साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ओस्वाल्ड रुफायझेन यांचा खटला आला. ते जन्माने यहुदी. नाझी काळात त्यांनी अनेक यहुद्यांचे प्राण वाचविले होते. पुढे ते ख्रिस्ती साधू झाले. परतीच्या कायद्यापुरते ते यहुदी नाहीत, असा निर्णय झाला. ईश्वर मुळीच न मानणाऱ्या यहुद्याला मात्र तो हक्क होता. म्हणजे जन्माच्या भिंतीच्या आत अश्रद्धा सामावते, दुसरी श्रद्धा सामावत नाही.

या भिंतीची दुसरी बाजू महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. कोकणातील बेने इस्रायल, ज्यांना गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांनी रब्बी आणि तालमूद नसतानाही शनिवारची विश्रांती, सुंता आणि खाण्यापिण्याचे निर्बंध शतकानुशतके सांभाळले. इतका आचार टिकविलेल्या या मराठी भाषकांच्या विवाहांबाबत इस्रायलमध्ये १९६० नंतर वंशशुद्धीचा प्रश्न उपस्थित केला गेला. त्यांना आंदोलन करावे लागले, आणि १९६४ साली ते सर्व अर्थांनी यहुदी असल्याचे मान्य झाले. आणखी खेदाची गोष्ट ही, की या समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. जन्म हा एकदा निकष झाला, की तो भिंतीच्या आतही नवनव्या भिंती उभारतो. वासेट्ठ सुत्तात तथागतांनी गवत, कीटक, पशू, पक्षी यांच्या जाती निसर्गतः वेगळ्या असल्याचे सांगून, मनुष्यात तसा भेद नाही, तो कर्माने ओळखला जातो, हे दाखविले. कापलान यांनी ‘निवडलेले लोक’ ही कल्पना टाकली, ही त्या दिशेची मोठी वाटचाल होती. जन्माचा निकष मात्र त्यांच्या व्यवस्थेत मुळापासून हलला नाही.

गाठ कशी सुटते?

आता मूळ गाठीकडे वळू. न्यायाधीश नाकारला की न्यायही जातो काय? पालि साहित्यात ‘नत्थिकवाद’ ही संज्ञा ईश्वर नाकारणाऱ्यासाठी नाही. दानाला फळ नाही, सुकृत-दुष्कृताचा परिणाम नाही, आईवडिलांविषयी कर्तव्य नाही, असे मानणाऱ्या अजित केसकम्बलीसारख्यांचे ते मत होय. आपल्या परंपरेत अनीश्वरवादी असणे आणि नास्तिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी हाच भेद आधुनिक भाषेत मांडला: जगातील नैतिक व्यवस्था ईश्वर चालवीत नाही, ती मनुष्याच्या कुशल-अकुशल कर्मांवर अवलंबून आहे. न्यायाधीश नाही, म्हणूनच न्यायाची संपूर्ण जबाबदारी मनुष्यावर येते. एलिशाच्या कथेतील मुलगा पडला, तर चूक आकाशात शोधावयाची नाही. शिडी भक्कम करावयाची.

सिद्धांतात आपण ही गाठ सोडविली आहे. पण आचारात? येथे कापलान आपले परीक्षक ठरतात. १४ ऑक्टोबर १९५६ नंतरची तिसरी-चौथी पिढी आज आपल्या घरांत वाढत आहे. तिने बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या नाहीत. ती बौद्ध घरात जन्मली आहे. तिच्यापैकी अनेकांचे बौद्धत्व दाखल्यावरील नोंदीत, आडनावात आणि जयंतीच्या मिरवणुकीत आहे. प्रतिज्ञांतील नकार त्यांना पाठ आहेत. पुढे येणारे अष्टांगिक मार्ग, पारमिता आणि पंचशील मात्र उच्चारापुरते उरतात. असे झाले, तर जन्माच्या जातीतून निघून आपण जन्माच्या धर्मात प्रवेश केला, एवढाच बदल घडेल.

म्हणून यहुद्यांकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे स्पष्ट असावे. जन्माची भिंत घेऊ नये. दुहेरी अर्थाची प्रार्थनाही घेऊ नये. आणि या बाबतीत आपणही निर्दोष नाही. विहारात म्हटली जाणारी पालि वंदना अनेकांना अर्थासह ठाऊक नसते. अर्थ न कळता म्हटलेली वंदना हळूहळू प्रार्थना बनते, आणि तिसरणातील ‘शरण’ या शब्दाला ईश्वरशरणतेचा वास येऊ लागतो. पालि शिकविणाऱ्या आम्हा सर्वांची ही प्रथम जबाबदारी आहे.

घ्यावी ती त्यांची घरातील शिस्त. वल्हांडणाच्या रात्री जेवणापूर्वी घरातील सर्वांत लहान मूल ‘ही रात्र वेगळी का’ असे प्रश्न विचारते, आणि वडीलधाऱ्यांना गुलामगिरीतून सुटकेची कथा सांगावी लागते. ईश्वर न मानणाऱ्या इस्रायलमधील सामुदायिक वसाहतींनीही ही रात्र सोडली नाही. त्यांनी स्वतःची नवी कथनपुस्तके रचली. आपल्याही घरात धम्मचक्रप्रवर्तनदिनी मुलाने विचारावे, की आजोबांनी काय सोडले आणि काय स्वीकारले. आणि उत्तर देण्याइतकी तयारी घरात असावी. उपोसथ, वर्षावासातील ग्रंथवाचन, आठवड्याची सामुदायिक वंदना यांना अर्थासह घरात स्थान मिळाले पाहिजे.

कापलान यांनी समाज सांभाळला आणि त्यासाठी जुना शब्द ठेवला. आपल्याला बाबासाहेबांनी स्वच्छ शब्द दिला आहे. त्या शब्दाभोवती घर बांधण्याचे काम आपले आहे, आणि त्या घरात प्रत्येक पिढीला जन्माच्या आधाराने न येता, समजून उमजून धम्मदीक्षा घेऊन यावे लागेल.